कणकेची वेणी

न्युरेम्बर्ग, नोव्हेंबर २००७, शुक्रवार संध्याकाळ

ईरा आज बोलली. पुण्याहून आल्यापासून या ज्यू किंडरगार्टनमध्ये तिने तोंडच उघडलं नव्हतं. घरी अखंड बडबड, तिथे गप्प. फक्त तिथेच जागा होती म्हणून घातलं तिला. चुकलं का माझं?

आठवडाभर मुलं शब्बाथचा, म्हणजे दर शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या त्यांच्या सणाचा, वेणीसारखा पाव शिकत होती. आधी लोकरीच्या वेण्या, मग मातीच्या. आज खऱ्या कणकेची. शेजारच्या लेआला वेणी जमेना, ती रडायला लागली. तेव्हा ईरा म्हणाली, "अगं, अशी घाल." चक्क मराठीत. आणि लेआने तशीच घातली.

हे त्यांच्या बाईंनी सांगितलं. "'अगं, अशी घाल' म्हणजे काय?" किती जपून उच्चारलं त्यांनी. मी हसत हसत हवेतच बोटांनी वेणी घालून दाखवली.

ट्राममध्ये ईराच्या केसांना ताज्या पावाचा वास येत होता. बाहेर धुकं, त्यात दिवे विरघळल्यासारखे. मेणबत्त्या, पीठ, लेआ, ती वेणी... अर्धं मराठी, अर्धं जर्मन, ईरा बोलतच होती. आमचा स्टॉप आला. ती वाक्याच्या मध्यावर होती. मी बसून राहिले.