चिमटा माझ्या हातात

३ एप्रिल
जागा राखून ठेवायला गेलो दोघं, नि दारातूनच परत! नेहमीच्या, मांस भाजणाऱ्या भट्टीवाल्यानं दुकान चकाचक केलंय. भाव असे, की मांस राहू दे, नुसता वास द्या म्हणावं. बायकोचा, ओक-बुनचा बारा तारखेचा साठावा वाढदिवस तिथंच करायचा, असं वर्षभर म्हणत होतो. बस चालवून मिळालेल्या पेन्शनीत ते बसत नाही. तिला म्हटलं, "घरी चल." ती म्हणाली, "बरं झालं."

टोमणाच तो. बायकोचं 'बरं झालं' मला कळत नाही होय!

घरी येऊन विचारलं, "रागावलीस?" तर म्हणे, "इतकी वर्षं संसार केलात, तुम्हाला माझं काय ठाऊक आहे हो?"

लागलं. खूप लागलं.

४ एप्रिल
ठरलं. घरीच भाजायचं, अगदी भट्टीवाल्यासारखं. काय ठाऊक आहे ते दाखवतोच!

मला हे ठाऊक आहे — भट्टीवाल्याकडे शेगडी आपल्याच टेबलावर, आणि चिमटा ज्याच्या हातात, तो उपाशी. भाजा, उलटा, कात्रीनं कापा, दुसऱ्यांच्या ताटलीत टाका. आमच्यात चिमटा कायम तिचा. "तुम्ही सुरू करा, मी खाते मागून." मागून काय उरणार, डोंबल! शेवटी बर्फाच्या पाण्यातल्या थंड शेवयांवर भागवायची. आयुष्यात तिला एक गरम घास मिळाला नाही. या वेळी चिमटा माझा. तिनं नुसतं बसायचं आणि खायचं.

७ एप्रिल
खाटीक कू म्हणाला, "पोटाचं मांस महागलंय आजोबा. पुढच्या पायाचं घ्या. पातळ कापून देतो, नीट मुरवलंत तर बरगडी झक मारेल." मी आजोबा! पण माणूस कामाचा. मुरवायला नासपतीही परवडेना, तर म्हणाला नासपतीच्या रसाचा डबा ओता. सोया सॉस, लसूण, आलं, किसलेला कांदा. झालं.

९ एप्रिल
ओक-बुन मैत्रिणींबरोबर डोंगरावर गेली, म्हणून रंगीत तालीम केली. कोळसा! आच मोठी ठेवली, रसातली साखर जळाली, धूर थेट वरच्या मजल्यावर. वरच्या बाई गॅलरीतून ओरडल्या, "अहो, घर पेटलं की काय?" "नाही, जेवण आहे!" म्हटलं.

दुसरा घाणा मंद आचेवर. बरा झाला. तिसरा चांगला.

ओक-बुन आली. "कसला वास?" — "शेजारचा."

१० एप्रिल
हे-रिमचा उल्सानहून फोन. कारखान्यात पाळी बदलून मिळत नाही, वाढदिवसाला येता येणार नाही. बेत सांगितला नाही. लेकीच्या पोटात काही राहत नाही, लगेच आईला कळवेल.

१२ एप्रिल
जिंकलो!

जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली. मधोमध छोटी शेगडी, बाजूला लेट्यूसची पानं, लसणीच्या चकत्या, तिखट चटणी. ओक-बुन बसली आणि सवयीनं चिमट्याकडे हात गेला. "द्या इकडे, करपेल."

"हात लावायचा नाही!"

पहिलाच तुकडा पानात ठेवला, चटणी लावली, विडा करून तिच्या तोंडाशी नेला. "अहो, तुम्ही खा ना आधी." "आधी तू. आज मागून नाही." तिनं घासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंड उघडलं. किती वेळ चावत होती! डोळ्यांत पाणी. म्हटलं, काय गं? म्हणाली, "धूर."

धूर कसला! मला कळत नाही होय.

मग मी थांबलोच नाही. भाजत गेलो, भरवत गेलो. माझ्या वाट्याला काही उरलं नाही, आणि मला त्याचाच आनंद. शेवटी विचारलं, "थंड शेवया करू?" म्हणाली, "नको. भरलं पोट." आणि वर, "छान भाजलंत."

आता म्हण, मला काय ठाऊक आहे!

१३ एप्रिल
हे-रिमचा फोन. फुशारक्या मारत सगळं सांगितलं. तर विचारते, "आईनं खाल्लं?" मग —

"बाबा, आईच्या घशाखाली मांस उतरत नाही. लहानपणापासून. रश्श्यातले तुकडेसुद्धा ती तुमच्या वाडग्यात टाकते ना? म्हणून तर चिमटा धरते ती. चिमटा हातात असला की, तू का खात नाहीस, असं कोणी विचारत नाही."

ताटलीभर खाल्लं तिनं. माझ्या हातून. एकदाही नको म्हणाली नाही.