कान्हूशेठच्या मूर्तीचे डोळे

४ जुलै १९९६, जोहे
गावाहून निघाले, पेणला एसटी बदलली, दुपारी इथं. जागा झकास. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, निजायला कोरडी खोली. मी चौथी पास, पण डॉक्टर म्हणाले, मैनाबाई, पेशंटला कधी दुखतं, काय खातो, लिहून ठेवा. म्हणून हे.

पेशंट कान्हूशेठ, गणपतींचे कारखानदार. घशाचा कॅन्सर, मुंबईहून परत पाठवलेले. डॉक्टरांनी सरळ सांगितलंय, आता बरं करायचं नाय, सुखात ठेवायचं. तोंड पुसा, कूस बदला, दुखलं की औषध, विचारलं तर खरं सांगा. हे शेवटचं बायजावहिनींना, त्यांच्या बायकोला, पसंत नाय. शेठना कळता कामा नये म्हणाल्या.

९ जुलै
खाटेसमोर एक गणपती. सगळा रंगवलेला, डोळे कोरे. डोळ्यांची आखणी शेठच करत, दुसऱ्याला हात लावू देत नसत. वहिनी म्हणतात, ते काम राहिलंय तोवर हे जायचे नाहीत. खुळी बाई. औषधही अर्धंच देते, झोपले तर उठणार नाहीत म्हणून. भांडले. ऐकत नाय.

शेठ दिवसभर बोटं हलवतात, ब्रश धरल्यासारखी.

१६ जुलै
वहिनी विहिरीवर होत्या. शेठनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "मी चाललो ना गो?" मी व्हय म्हटलं. खोटं बोलायला मला जमत नाय. त्यांनी मूर्तीकडे बोट केलं, मग निवांत झोपले. आल्यापासून पहिल्यांदा.

२१ जुलै
सकाळी अंग पुसताना हात गार लागला. नाडी नाय. नाकाशी आरसा धरला, कोरडा. वहिनींना म्हटलं, खाली जमिनीवर घ्या, तुळशीचं पाणी आणा.

त्या म्हणाल्या, "डोळे राहिलेत गो, जातील कसे?"

वहिनींनी चमच्यानं पेज भरवली. शेठनी गिळली.

२३ जुलै
वास येतो. कूस बदलली की पाठीची कातडी चादरीला राहते. श्वास नाय, तरी कण्हतात. औषध ओघळून बाहेर. मला काय वाटत नाय आता. वेळ झाली की कूस बदलते.

२४ जुलै
वहिनी अंगणात गेल्यावर मीच ब्रश घेतला. मूर्तीचे डोळे काढले, वेडेवाकडे झाले. कण्हणं थांबलं. जबडा सुटला. तुळशीचं पान ठेवलं तोंडात.

२५ जुलै
सकाळी पुन्हा कण्हणं. मूर्तीचे डोळे पांढरे. वहिनींच्या बोटांना पांढरा रंग. रडत नव्हत्या. म्हणाल्या, "थोडे दिवस राहू दे गो."

२६ जुलै
मी काढले. त्यांनी पुसले. परत काढले — पुसले. परत येतात तेव्हा जास्त दुखतं त्यांना. काळा रंग वहिनींनी खाडीत टाकला.

२७ जुलै
दार आतून लावलंय. काजळ तेलात कालवलं. एका डोळ्यापुरतंच निघालं —

डावा झाला. शेठची डावी बाजू सुटली. निवांत. त्यांचा उजवा डोळा माझ्यावर. त्यातून पाणी —

पणतीवर वाटी धरलीय, काजळ धरतंय. तोवर लिहिते. वहिनी दार ठोकत होत्या. आता खिडकीशी आल्यात —

धरलं थोडं. पुरेल. उजवा काढायला घेते —