काजूच्या शेडमधली एकच रांग

विजेचा एक खांब मला केवढ्याला पडला त्याचा हिशेब असा: सख्खा भाऊ तुटला, शिमग्याची पालखी दारात यायची ती गेली, बायकोचा शेजार गेला. वीज मंडळाची फी वेगळी.

मी, धोंडू भागोजी शिवगण, वय ७१, काजू कारखानदार, ता. लांजा. डोके ठिकाणावर आहे, कान गरजेपेक्षा चांगले आहेत. कोणी भरीस न घालता पुढील व्यवस्था लिहून ठेवतो.

१. राहते घर पत्नी यमुनाबाई हिला. तिच्या हयातीत कोणी वाटणी मागू नये.

२. धाकटा भाऊ आत्माराम सोसायटीचा चेअरमन. ग्रामपंचायतही त्याच्याच शब्दात. माझ्या शेडची विजेची लाईन त्याच्या बागेतून यायची होती. काजू फोडायला मी आमच्या आणि खालच्या वाडीतल्या बायका एका रांगेत बसवल्या होत्या. तो म्हणाला, "दादा, त्यांना मागच्या पडवीत बसव. खांब उद्या उभा ऱ्हाईल."

मी म्हटले, "मग मीपण पडवीतच बसतो."

ही रांग चालू द्यावी का, यावर ग्रामसभेने देवीचा कौल घ्यायचे ठरवले. कौल माझ्या बाजूने आला नाही. आदल्या संध्याकाळी देवळामागे आत्माराम गुरवाशी काय बोलला ते मी विहिरीवरून ऐकले होते, म्हणून देवीला बोल लावत नाही. सोसायटीने माझा कर्जाचा अर्ज परत केला आणि त्याच बैठकीत आत्मारामच्या लॉजचे कर्ज मंजूर केले. खांब मी रस्त्याकडून, लांबून आणला. तेव्हापासून पालखी माझ्या अंगणाला वळसा घालते.

आत्मारामला माझा रेडिओ द्यावा. दुसऱ्याचे ऐकायची सवय लागेल.

३. बँकेतली ठेव चिरंजीव विनीत याला. तो मुंबईत गावमंडळाचा सेक्रेटरी आहे. फोनवर म्हणाला, "बाबा, शेड काकांना गोडाऊनला देऊया, पालखी परत येईल." म्हणून शेड त्याला नाही.

४. शेड, भट्टी, यंत्रे व स्वकमाईची ती जागा खालच्या वाडीच्या गोदा जाधव हिला. पहिल्या दिवसापासून ती रांगेत आहे, बचत गटही तीच चालवते. माझी इच्छा एकच, रांग मोडू नये. कज्जा करणाऱ्याने ध्यानात ठेवावे, आमच्या वरच्या वाडीतली पोरेही मी दिलेल्या पगारावर शिकली आहेत. एक हाक मारली तर निम्मे गाव माझ्यासाठी सही करील.

लांजा, दि. १४ मार्च २०२५
(सही) धोंडू भागोजी शिवगण

साक्षीदार:
१. दर्शन पाटोळे, झेरॉक्सवाले, लांजा
२. संदेश खामकर, चहावाले, लांजा

साक्षीदार म्हणून गोदाच्या गटातल्या कोणाची सही मी घेतली नाही, उद्या कोणी बोट दाखवू नये. वरच्या वाडीत साक्षीला या म्हणून घरोघर निरोप धाडला होता. कोणी आले नाही.