उद्याची नोंद

३ जानेवारी
चैताली, तू वही देऊन आठ दिवस झाले आणि पहिली ओळ आज लिहितो आहे. उशीर झाला, आजोबाला माफ कर. पण जागा फार आवडली. वडवणीबाहेरची ही अभ्यासिका नवीकोरी, पुढची बाजू सगळी काचेची. सात तावदानं, त्यांत आख्खं आभाळ दिसतं. मला राखणदाराला मागं खोली, खोलीत नळसुद्धा. तू सांगितलंस तशी सकाळी फेरी मारतो. काचेला धडकून मेलेलं पाखरू सापडलं की वहीतल्या तक्त्यात लिहितो: तावदान कितवं, पाखरू कोणतं, चोचीपासून शेपटीपर्यंत किती इंच. मग फोटो तुला संभाजीनगरला. तुझ्या अभ्यासासाठी गावोगाव दोनशे लोक असं मोजतात म्हणालीस. त्यांत चौथी शिकलेला मीच असेन. झाडलोट करणारी शिवकन्या म्हणते, काका, मेलेल्याचं माप कावून घेता, सदरा शिवायचा हाय का.

९ जानेवारी
थंडीनं गुडघा धरला. फेरी चुकली. पाऊस मोजायच्या कामावर होतो तेव्हा अशा दिवशी अंदाजानं आकडा टाकायचो. तसाच टाकला: तावदान तीन, साळुंकी एक, नऊ इंच. शून्य असलं तर शून्य लिहा, खोटं नको, असं तू बजावलं होतंस. मन खात राहिलं. दुपारी काठी टेकत गेलो. तिसऱ्या तावदानाखाली साळुंकी होती. नऊ इंच. अंग अजून कोमट.

१० जानेवारी
खात्री करायला काल संध्याकाळीच आजचं लिहून ठेवलं: तावदान पाच, होले दोन. सकाळी दोन होले, शेजारी शेजारी. हे मी मारले. शिवकन्येला सांगितलं. ती म्हणाली, तुमी लई इचार करता, चहा घ्या.

१२ जानेवारी
काल आजच्यासाठी शून्य लिहिलं. एकही पाखरू पडलं नाही. आता रोज शून्यच लिहीन. तुझा अभ्यास बिघडेल, पण पाखरं जगतील.

१४ जानेवारी
आजचं शून्य खोडलेलं आहे. मी खोडलं नाही. पुढं माझ्याच अक्षरात: तावदान सहा, पोपट चार.
चार होते.

१५ जानेवारी
तुझा फोन आला. उद्या सकाळच्या गाडीनं येते, पाखरांना काच कळावी म्हणून ठिपके चिकटवू, म्हणालीस. ये म्हणालो. मग वही उघडली.
उद्याची तारीख, पुन्हा माझ्याच अक्षरात. तावदान सात. पाखराचं नाव नाही. लांबी बासष्ट इंच.
एवढं लांब पाखरू —
पान फाडलं. खालच्या पानावर तेच.

१६ जानेवारी
बासष्ट म्हणजे पाच फूट दोन. तुझी उंची —
फोन लागत नाही. गाडी येऊन गेली. शिवकन्या स्टँडवर पाहून आली, तू उतरली नाहीस म्हणते.
सातव्या तावदानावर ठसा आहे. पाखराचा राहतो तसा, पिसांच्या भुकटीचा. पण त्याला बोटं आहेत. काचेच्या आतल्या बाजूनं. खाली कुणी नाही —
येऊ नकोस. शून्य लिहिलं. खोडलं गेलं. परत लिहिलं —
कुठं आहेस तेवढं लवकर कळव, पोरी, मी शून्य लिहितोच आहे, शून्य लि