मागे वळलेली मान

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, पूर्वीचा धंदा सिनेमात दुसऱ्याच्या नावाने उड्या मारणे, हल्लीचा धंदा खाटेवर पडून राहणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. कंबर कधीचीच गेली, आता मूत्रपिंडेही थकली. डोके मात्र देवाच्या कृपेने शाबूत आहे, असे डॉक्टरांनी तपासून म्हटले आहे.

१. राहत्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक पत्नीची. तिने माझी पाठ चोळण्यात जो जन्म घातला, त्याची भरपाई यातून होणार नाही, हे मला ठाऊक आहे.

२. गुडघ्यांच्या गाद्या आणि चामडी पट्टा कपडेपटाच्या शिंप्याला. नायकाचा आणि माझा अंगरखा त्याने एकाच कापडातून बेतला, आणि कधी कोणासमोर शब्द फिरवला नाही.

३. माझी काठी त्या नायकाला. त्याच्या गाजलेल्या साहसपटात दरीवरची उडी मी मारली, पण ती आपणच मारली, असे तो मुलाखतींत सांगतो. पुढच्या वेळी सांगताना आधाराला होईल.

तो साहसपट अजून लोकांच्या मनातून का उतरत नाही, यावर जाणकार बोलत असतात. कोणी घोड्यांना श्रेय देतो, कोणी संगीताला. खजिना शेवटी कोणाला मिळाला, हे लोक केव्हाच विसरले. लक्षात राहिली ती उडीआधी मागे वळलेली मान. नायक म्हणतो, तो अभिनय होता. नव्हता. आमच्या धंद्यात दोर घरच्या माणसानेच बांधायचा, आणि गाठ पक्की झाली की उजवा हात वर करायचा, असा रिवाज. माझा दोर थोरल्या भावाने, दादाने, बांधला होता; मी त्याचा हात शोधत होतो. ती भीती खरी होती, म्हणून बघणारा आजही खुर्चीच्या कडेला सरकतो. हात वर झाला, मी झेपावलो. दोर टिकला. पलीकडच्या कड्यावर कंबर आपटली, त्यात दादाचा दोष नाही.

दोष पुढचा. दादा नायकाचा कारभारी झाला. उडी माझ्या बाबाची, असे सांगितल्यावरून माझ्या मुलीला शाळेत सगळे खोटारडी म्हणू लागले, तेव्हा तिने घरी आलेल्या दादाला गाठले.

"काका, तुम्ही होता ना तिथे? उडी कुणाची?"

दादा चहा ढवळत राहिला. "अगं, साहेबांचीच. तुझा बाबा कडेला उभा होता."

ती आत गेल्यावर मी म्हटले, "दादा, लेकीसमोर तरी?"

"पडद्यावर तोंड त्याचं आहे. तुझी मान कोण ओळखणार रे?"

"तू."

तो चपला घालून निघून गेला. तेव्हापासून मुलीने मला त्या सिनेमाबद्दल एक शब्द विचारलेला नाही. मी रोज प्रार्थनेत सगळ्यांची नावे घेतो, आणि दादाच्या नावाशी अडखळतो.

४. माफी कोणाला द्यायची ते देवाने बघावे. माझ्या मिळकतीत ती नाही.

५. तो दोर दादाला, पण एका अटीवर. त्याने मुलीशेजारी बसून तो सिनेमा बघावा. तोंडाने सांगणे जमणार नसेल तर सांगू नये. पडद्यावर मान वळेल तेव्हा फक्त उजवा हात वर करावा. हा कागद मुलीने आधी वाचलेला असेल. हे न झाल्यास दोर पत्नीने कपडे वाळत घालायला बांधावा.

या खेपेला दादाचा हात शोधायला मी नसेन. माझ्या जागी मुलगी मान वळवून बघेल.

सही: ज्याला सगळे पाखरू म्हणत, तो

साक्षीदार: कपडेपटाचा शिंपी, शेजारच्या शाळेतल्या बाई

स्थळ: राहते घर, खिडकीजवळची खाट. तारीख डॉक्टरांनी घातली आहे.