बाबांच्या नावाने

बालीगंज, ऑक्टोबर १९५२

चि. दिगू,

हे पत्र मी तुला पाठवणार नाही.

ग्लासगोच्या कॉलेजातला पहिला आठवडा संपल्यावर तू बाबांना लिहिलंस, "शिकवलेलं कळत नाही. शेजारी कुणी बसत नाही. तुम्ही म्हणाल तर परत येतो." ते पोचलं, त्याच्या आदल्या दिवशीच बाबा गेले. तापात सारखे "दिगूला बोलवा" म्हणत होते. मी तार करायला निघाले, तर आईने अडवलं. म्हणाली, "त्याचं शिक्षण मोडेल."

काल तिने बाबांच्या नावाने माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं, "बरं नाही, म्हणून शकुनच्या हातून लिहवतो. परत येऊ नकोस. नेटाने शीक." खालची सही मात्र मला करवेना. तेव्हा उखाण्याबाहेर कधी नवऱ्याचं नाव न घेतलेल्या आईने टाक हातात घेतला आणि सावकाश 'भालचंद्र' लिहिलं.

तुझी,
शकुनताई