सासूबाईंची नानकटाई

२७ डिसेंबर १९९८, हिंगोली

नाताळच्या सुटीत आज यांच्या ऑफिसातल्या मंडळींबरोबर औंढ्याला सहल झाली, सासूबाईही सोबत होत्या. सासूबाईंनी काल कढईत वाळू तापवून नानकटाई भाजली होती. बुडाला जरा करपली होती, एवढंच. साहेबांच्या बायकोनं विचारलं, "कुणी केली?" माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या कामवाल्या बाईनं." काहून म्हणाले मी असं? करपलेल्या बुडाची एवढी लाज? सासूबाई मागंच उभ्या होत्या.

"बाई, जरा पाणी आणा," साहेबांची बायको त्यांना म्हणाली. त्यांनी मुकाट्यानं आणून दिलं. मी बघत राहिले.

घरी आल्यावर माफी मागायला गेले, तर त्याच म्हणाल्या, "मी आले नसते तं बरं झालं असतं, न्हाई का?"